मुद्दाम हरावं का? चाळीस विजयांवर अडकलेल्या संघाचं दुखणं

शाळेत असताना माझ्याकडे खेळलेला एक मुलगा आता पुण्यात नोकरी करतो आणि पहाटेचा गजर लावून एनबीएमधल्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या, शिकागो बुल्सचे सामने बघतो. परवा त्याचा लांबलचक मेसेज आला. "सर, बुल्सनी तीन हंगामांत ८२ पैकी ४०, ३९ आणि ३९ सामने जिंकले. तिन्ही वेळा प्ले-इनमध्ये (प्लेऑफ म्हणजे बाद फेऱ्या, त्याआधीची पात्रता लढत) मायामीकडून हरून घरी. असं दरवर्षी मधेच लटकण्यापेक्षा सगळे खेळाडू विकावेत, दोन-तीन वर्षं खुशाल तळाला जावं, म्हणजे ड्राफ्टमध्ये (संघ नव्या खेळाडूंना आळीपाळीने निवडतात ती वार्षिक निवड) एखादा सुपरस्टार हाती लागेल. ओक्लाहोमाने हेच केलं आणि २०२५ मध्ये चॅम्पियन झाले. तुम्हाला काय वाटतं?"

मी पंचवीसेक वर्षं कोचिंग करतोय. त्यातली बरीच वर्षं संघांना व्हिडिओ आणि आकडे काढून देण्यात गेली. हा प्रश्न मला दर हंगामात कोणी ना कोणी विचारतंच, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो.

आधी उत्तर. संघ उभा राहतो तो वेळेवर विकण्याने. विकल्यावर काही काळ हार येतेच, ती सोसावी लागते. पण हार हीच योजना असेल, तर ती बहुतेकदा फसते. बुल्सनी विकावं हे मला मान्य आहे. तळाला जाऊन बसावं हे मान्य नाही. या दोन गोष्टींत लोक गल्लत करतात आणि ओक्लाहोमाचं उदाहरणही त्याच गल्लतीतून दिलं जातं.

पण तुझी तक्रार खोटी नाही, हेही सांगतो. एनबीएमध्ये मधे राहणं खरंच वाईट असतं. मैदानावर पाचच खेळाडू, आणि मोठा खेळाडू ४८ मिनिटांपैकी सदतीस-अडतीस मिनिटं खेळतो. क्रिकेटमध्ये विराट बाद झाला तरी दहा जण उरतात. इथे एका माणसाचा सामन्यावरचा प्रभाव प्रचंड असतो. त्यात खेळाडूच्या पगाराला वरची मर्यादा. त्यामुळे अगदी वरच्या चार-पाच खेळाडूंना त्यांच्या खऱ्या किमतीपेक्षा कमीच पैसे मिळतात, आणि तसा एक खेळाडू ज्याच्याकडे असेल त्याला बाकीच्यांवर खर्च करायला जागा उरते. असा खेळाडू मोकळा झाला की तो लॉस एंजेलिसला नाही तर मायामीला जातो. इंडियानापोलिस किंवा मिलवॉकीला स्वतःहून क्वचितच येतो. मग छोट्या शहराने करायचं काय? ड्राफ्ट. आणि ड्राफ्टमध्ये जो सगळ्यात वाईट, त्याला आधी निवडण्याची संधी जास्त.

वर इथे खालच्या श्रेणीत घसरण्याची भीतीच नाही. युरोपातल्या फुटबॉलमध्ये तळाचे दोन-तीन संघ बाहेर फेकले जातात, त्यामुळे मुद्दाम हरणं म्हणजे आत्महत्या. आपल्या आयपीएलमध्ये लिलाव असतो, शेवटच्या संघाला वेगळं बक्षीस नसतं, म्हणून तिथेही कोणी मुद्दाम हरत नाही. एनबीएचे ३० संघ मात्र कायमचे. टीव्हीचा वाटा शेवटच्यालाही मिळतो. हरण्याला शिक्षा नाही आणि थोडं बक्षीस आहे. टँकिंग, म्हणजे असं मुद्दाम हरणं, निघालं ते या व्यवस्थेतून; त्यात कोणा एका मॅनेजरची बदमाशी शोधण्यात अर्थ नाही.

आता बक्षीस किती, ते बघू.

१९८५ पूर्वी दोन्ही विभागांतल्या तळाच्या संघांमध्ये नाणेफेक व्हायची. १९८४ मध्ये ह्यूस्टन रॉकेट्स हंगामाच्या शेवटी इतके हरले की सगळ्यांना संशय आला. ३८ वर्षांच्या एल्विन हेजला एका ओव्हरटाइमच्या सामन्यात जवळपास पूर्ण वेळ खेळवलं, म्हणजे बाकीचे ताज्या दमाचे खेळाडू बेंचवर. नाणेफेक त्यांनी जिंकली आणि हकीम ओलाजुवान घेतला. (तिसरी निवड तुझ्या बुल्सची होती. मायकेल जॉर्डन. पोर्टलंडने दुसऱ्या क्रमांकावर सॅम बोवीला घेतलं म्हणून तो उरला.) त्याच प्रकारानंतर १९८५ पासून लॉटरी आली, म्हणजे आधी कोण निवडणार ते सोडतीने ठरू लागलं. पुढे तळाच्या संघाला जास्त संधी देणारी वजनदार लॉटरी झाली, तर १९९३ मध्ये ऑर्लँडोने ६६ पैकी फक्त एका संधीवर पहिला क्रमांक पटकावला. मग तळाच्या संघाची संधी वाढवून २५ टक्के केली. त्याचा फायदा घ्यायला लोक पुढे सरसावल्यावर २०१९ पासून ती पुन्हा कमी केली.

२०१९ मध्ये ठरलेला हिशोब असा. यंत्रात १ ते १४ आकड्यांचे चेंडू, त्यातले चार काढायचे. १,००१ जुळण्या होतात, त्यातली एक बाद, उरलेल्या १,००० संघांमध्ये वाटलेल्या. तळाच्या तीन संघांना प्रत्येकी १४० जुळण्या, म्हणजे १४ टक्के. सगळ्यात वाईट संघाला दुसऱ्या किंवा तिसऱ्या वाईट संघापेक्षा पहिल्या क्रमांकाची कणभरही जास्त संधी नाही. एवढंच की तो पाचव्याच्या खाली जात नाही. आणि पाचवाच मिळण्याची शक्यता जवळपास ४८ टक्के.

तीन वर्षं ओळीने तळाला राहिलास, तर एकदाही पहिला क्रमांक न मिळण्याची शक्यता ०.८६ चा घन, म्हणजे सुमारे ६४ टक्के. २०१९ ते २०२५ या सात वर्षांत सगळ्यात वाईट संघाला एकदाही पहिला क्रमांक मिळाला नाही. डेट्रॉइटने २०२३ मध्ये १७-६५ (१७ विजय, ६५ हार) अशी हलाखी सोसली, डोळा त्या वर्षीच्या ड्राफ्टमधल्या व्हिक्टर वेम्बन्यामावर होता, मिळाला पाचवा क्रमांक. पुढच्या हंगामात सलग २८ सामने हरून १४-६८. पुन्हा पाचवा. २०२५ मध्ये यूटा तळाला, १७-६५, तोही पाचव्यावर. पहिला क्रमांक आणि कूपर फ्लॅग गेला डॅलसला, ज्यांची शक्यता १.८ टक्के होती आणि ज्यांनी तीनच महिन्यांपूर्वी लुका डोन्चिचला विकून शहराच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

पहिला क्रमांक मिळाला तरी त्या वर्षी बाजारात हिरा असला पाहिजे. २०१२ मध्ये शार्लटने ६६ पैकी ७ सामने जिंकले. टक्केवारीने एनबीएच्या इतिहासातला सगळ्यात वाईट हंगाम. अँथनी डेव्हिस गेला न्यू ऑर्लिन्सला. त्यानंतरच्या वर्षी पहिला निवडला गेला अँथनी बेनेट, आणि त्याच ड्राफ्टमध्ये पंधराव्या क्रमांकावर यानिस अँटेटोकुम्पो होता. २००७ मध्ये पोर्टलंडने ग्रेग ओडन घेतला, दुसरा केव्हिन ड्युरंट.

समजा हिराही मिळाला. तरी विशीच्या पोराला विजेतेपद जिंकून देण्याइतकं मोठं व्हायला सहा-सात वर्षं लागतात, आणि तोवर त्याच्या जाण्याची वेळ झालेली असते. २०१९ ते २०२५ या सात विजेत्या संघांकडे बघ: टोरांटो, लेकर्स, मिलवॉकी, गोल्डन स्टेट, डेन्व्हर, बॉस्टन, ओक्लाहोमा. यांतल्या एकाचाही मुख्य खेळाडू त्याच संघाने पहिल्या क्रमांकावर निवडलेला नव्हता. निकोला योकिच ४१ वा होता, यानिस आणि कवाय लेनर्ड १५ वे, स्टीफन करी सातवा. लॉस एंजेलिसच्या लेकर्सकडे मात्र दोन पहिले क्रमांक होते, लेब्रॉन आणि डेव्हिस. दोघांसाठीची हार दुसऱ्याच शहरांनी सोसली होती. न्यू ऑर्लिन्सने पेरलं आणि लॉस एंजेलिसने कापलं.

आता फिलाडेल्फिया. मुद्दाम हरण्याचा सगळ्यात प्रामाणिक प्रयोग तिथे झाला आणि त्यावर दोन्ही बाजूंनी बरंच खोटं बोललं जातं.

२०१२ मध्ये हा संघ तू म्हणतोस तसाच मधला होता. ३५-३१, पहिल्या फेरीत योगायोगाने तुझ्याच बुल्सना हरवलं, दुसऱ्या फेरीत बॉस्टनकडून सातव्या, म्हणजे मालिकेतल्या शेवटच्या, सामन्यात बाहेर. मग त्यांनी अँड्र्यू बायनमला आणलं, तो गुडघ्यामुळे एकही सामना खेळला नाही. २०१३ मध्ये सॅम हिंकी जनरल मॅनेजर झाला. त्याने पहिल्याच ड्राफ्टच्या रात्री २३ वर्षांचा ऑल-स्टार जरू हॉलिडे विकून टाकला. बदल्यात जखमी नर्लेन्स नोएल आणि पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीतली निवड, म्हणजे ड्राफ्टमध्ये खेळाडू घेण्याचा हक्क. पुढचे तीन हंगाम: १९-६३, १८-६४, १०-७२. एकदा सलग २६ हार.

हिंकीचं डोकं तल्लख होतं, यात वाद नाही. बाजारात ज्या गोष्टीला कोणी किंमत देत नव्हतं ती तो गोळा करायचा: दुसऱ्या फेरीतल्या निवडी, इतर संघांची नकोशी कॉन्ट्रॅक्ट्स, कोणी न निवडलेली पोरं. मायकेल कार्टर-विल्यम्स वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरला आणि वर्षभरात हिंकीने त्याला विकलं, कारण त्याच्या मते तीच त्याची सगळ्यात जास्त किंमत होती. ते अगदी बरोबर निघालं. त्या व्यवहारातून आलेली निवड २०१८ मध्ये दहाव्या क्रमांकावर पडली, मिकाल ब्रिजेस हाती आला, आणि तोवर हिंकी जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याच्या जागी आलेल्यांनी ब्रिजेसला त्याच रात्री फिनिक्सला देऊन झायर स्मिथ घेतला, जो फिलाडेल्फियासाठी जेमतेम काही सामने खेळला.

टँकिंगचे समर्थक इथे विसरतात ते असं: पेरणारा कापणीपर्यंत नोकरीत राहत नाही. इतकी हार मालक सोसत नाहीत. डिसेंबर २०१५ मध्ये हिंकीच्या डोक्यावर जेरी कोलँजेलोला बसवलं, एप्रिल २०१६ मध्ये हिंकीने १३ पानी राजीनामा लिहिला. त्याच उन्हाळ्यात फिलाडेल्फियाला पहिला क्रमांक मिळाला, बेन सिमन्स. पुढच्या वर्षी नव्या लोकांनी बॉस्टनला आपली तिसरी निवड आणि वर आणखी एक निवड देऊन पहिला क्रमांक विकत घेतला, मार्केल फुल्ट्झसाठी. बॉस्टनने तिसऱ्यावर जेसन टेटम घेतला.

तरीही जोएल एम्बीड मिळाला, तो २०२३ मध्ये एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू) झाला, संघ वर्षाला पन्नासच्या आसपास सामने जिंकायला लागला. हे यश नाही असं मी म्हणणार नाही. पण २००१ नंतर, म्हणजे ॲलन आयव्हर्सनच्या काळानंतर, २०२५ पर्यंत हा संघ कॉन्फरन्स फायनलला, म्हणजे उपांत्य फेरीला, एकदाही पोचला नाही. २०१९ मध्ये टोरांटोविरुद्ध कवायचा तो शेवटचा चेंडू रिंगवर चार टप्पे घेऊन आत पडला, २०२१ मध्ये घरच्या मैदानावर अटलांटाकडून सातवा सामना हरले. एवढ्या हारीची किंमत म्हणून दुसरी फेरी. आणि त्यांनी पहिल्या रात्री विकलेला हॉलिडे? मिलवॉकीसोबत २०२१ मध्ये आणि बॉस्टनसोबत २०२४ मध्ये चॅम्पियन.

त्या १०-७२ च्या हंगामातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. टी. जे. मॅककॉनेल नावाचा, ड्राफ्टमध्ये कोणी न निवडलेला एक पॉइंट गार्ड तिथे खेळला. दुसऱ्या कुठल्या संघात त्याला वीस मिनिटं मिळाली नसती. दहा वर्षांनी तोच २०२५ ची फायनल इंडियानाकडून खेळत होता आणि ओक्लाहोमाच्या नाकी नऊ आणत होता. हरणाऱ्या संघाकडे खरा माल असतो तो हा: मिनिटं. नवख्याला चुका करायला मिळालेली मोकळी मिनिटं. लॉटरी चार चेंडूंवर असते, मिनिटं तुमच्या हातात असतात.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. एनबीएमध्ये खेळाडू मुद्दाम हरत नाहीत. ज्याचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलंय तो पुढच्या ड्राफ्टमध्ये आपली जागा घेणारा पोरगा यावा म्हणून शॉट का चुकवेल? हरवतं ऑफिस. चांगला खेळाडू "विश्रांती"वर जातो. २०२१ मध्ये ओक्लाहोमाने अल हॉर्फर्डला मार्चपासून खेळवायचंच बंद केलं, बरा होता तरी. डॅलसने एप्रिल २०२३ मध्ये शिकागोविरुद्ध मुख्य खेळाडू बसवले, कारण निवड पहिल्या दहात राहिली तरच ती त्यांची, नाहीतर न्यूयॉर्कची. लीगने साडेसात लाख डॉलर दंड ठोकला. आणि खरं सांगायचं तर तो दंड त्यांना स्वस्त पडला: त्या निवडीची अदलाबदल करून डेरेक लाइव्हली मिळाला आणि पुढच्याच वर्षी ते फायनलला गेले. छोटं, एका आठवड्याचं टँकिंग चालतं, हे मला प्रामाणिकपणे मान्य करावं लागतं.

पण वर्षानुवर्षांच्या हारीने काय होतं ते मी माझ्या छोट्याशा मैदानावर पाहिलंय, आणि चूक माझी होती. एका आंतरशालेय स्पर्धेत गटातला शेवटचा सामना हरलो तर उपांत्य फेरीत सोपा संघ येणार होता. मी मुख्य पाच जण बसवले. पोरांना स्पष्ट काही बोललो नाही, पण पोरं मूर्ख नसतात. हरलो. दुसऱ्या दिवशी तो "सोपा" संघ समोर आला तेव्हा वॉर्म-अपला आमचा कॅप्टन माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, आज खरं खेळायचं ना?" नऊ गुणांनी हरलो. बचावात परत धावणं, स्क्रीनवर (वाट अडवायला उभ्या प्रतिस्पर्ध्याबद्दल) ओरडून सांगणं, सैल चेंडूवर झेप घेणं या सवयी आहेत. त्या नळासारख्या बंद-चालू करता येत नाहीत. ते वाक्य अजून कानात आहे.

व्यावसायिक खेळाडूंचं वेगळं, असं कोणी म्हणेल. थोडं वेगळं आहे खरं. पण एकोणीस वर्षांचं पोर पहिल्या दोन वर्षांत सव्वाशे सामने हरलं की त्याला चौथ्या क्वार्टरमध्ये काय करायचं हे शिकायलाच मिळत नाही, कारण चौथ्या क्वार्टरला सामना आधीच संपलेला असतो.

आता ओक्लाहोमा, ज्याचा दाखला तू दिलास. त्यांचा क्रम नीट लाव.

जुलै २०१९. पॉल जॉर्जने क्लिपर्सला जायचं म्हटलं. ओक्लाहोमाचा जनरल मॅनेजर सॅम प्रेस्टी याने त्याच्या बदल्यात शे गिल्जस-अलेक्झांडर, डॅनिलो गॅलिनारी, पहिल्या फेरीतल्या पाच निवडी आणि निवडींची अदलाबदल करण्याचे दोन हक्क घेतले. म्हणजे पुढचा एमव्हीपी हरायला सुरुवात करण्याआधीच त्यांच्या खिशात होता, आणि तो मूळ ड्राफ्टमध्ये अकरावा होता. मग वेस्टब्रूक गेला, ख्रिस पॉल आला. सगळ्यांना वाटलं आता तळ. तो संघ ४४-२८ जिंकून प्लेऑफला गेला, सातव्या सामन्यापर्यंत ह्यूस्टनशी भांडला, आणि पोरगेला शे वर्षभर ख्रिस पॉलच्या शेजारी उभा राहून खेळ शिकला. त्यानंतर पॉलला फिनिक्सला विकलं, ऐन भावात.

मग हार. २२-५० आणि २४-५८. डिसेंबर २०२१ मध्ये मेम्फिसकडून ७३ गुणांनी हरले, १५२-७९, एनबीएच्या इतिहासातला सगळ्यात मोठा फरक. पण असे हंगाम दोनच. तिसऱ्या वर्षी चेट होल्मग्रेन पूर्ण हंगाम जखमी असताना, म्हणजे आणखी एक वर्ष हरायला उत्तम सबब असताना, ते ४०-४२ खेळले. पुढे ५७ विजय, मग ६८ विजय आणि करंडक.

२०२५ च्या त्या संघात हारीचं थेट फळ कोणतं? होल्मग्रेन, दुसरा क्रमांक. दुसरं फळ जॉश गिडी, सहावा. बाकी बघ: शे व्यवहारातून, जेलन विल्यम्स क्लिपर्सच्या निवडीतून (बारावा), लू डॉर्ट कोणी निवडलाच नव्हता, हार्टनस्टाइन पैसे मोजून आणलेला, केसन वॉलेस डॅलसच्या त्याच दंडवाल्या निवडीतून, आयझिया जो तर फिलाडेल्फियाने सोडून दिलेला. आणि ॲलेक्स करूसो? तो तुझ्या बुल्सनी दिला. २०२४ मध्ये गिडीच्या बदल्यात, एकास एक, वर एकही निवड न मागता. डेन्व्हरविरुद्धच्या सातव्या सामन्यात योकिचच्या अंगाला चिकटून त्याची दमछाक केली ती करूसोने. प्रेस्टीच्या हारीचं एक फळसुद्धा शेवटी तुमच्या दुकानात चांगल्या मालाच्या मोबदल्यात खपलं, असं म्हण हवं तर.

बॉस्टनचं तर आणखी सरळ. त्यांनी २०१३ मध्ये म्हातारे होत आलेले गार्नेट आणि पिअर्स ब्रुकलिनला दिले, पुढच्या कित्येक वर्षांच्या निवडी घेतल्या, आणि मग हरण्याचं काम ब्रुकलिनने केलं. बॉस्टन प्लेऑफ खेळत असताना जेलन ब्राउन आणि टेटम त्यातून आले. त्याच बॉस्टनने १९९७ मध्ये १५-६७ हरून टिम डंकनसाठी सुमारे ३६ टक्के शक्यता गोळा केली होती. मिळाले तिसरा आणि सहावा क्रमांक. डंकन सॅन अँटोनिओला गेला, जो आदल्या वर्षी ५९ सामने जिंकलेला संघ होता आणि डेव्हिड रॉबिन्सन जखमी म्हणून एकच वर्ष खाली आला होता. गोल्डन स्टेटचं २०२० तसंच: करी आणि क्ले थॉम्पसन दुखापतीने बाहेर, १५-५०, दोन वर्षांनी पुन्हा चॅम्पियन. (त्या हारीतून मिळालेल्या दुसऱ्या क्रमांकाच्या वाइजमनचा त्या विजयाला काही उपयोग झाला नाही.) जमीन एक हंगाम पड ठेवणारा शेतकरी वेगळा, आणि विहीर बुजवून, बैल विकून पावसाची वाट बघणारा वेगळा.

मधल्या संघांबद्दलही तसंच. सगळे मधले सारखे नसतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे दोन सामने झाले, सॅक्रामेंटो विरुद्ध इंडियाना. मी दोन्ही दिवस होतो. सॅक्रामेंटोचे मालक विवेक रणदिवे जुहूत वाढलेले, त्यामुळे आमच्यातल्या बऱ्याच जणांचा जीव त्यांच्यात होता. दोन्ही सामने इंडियानाने जिंकले, पहिला ओव्हरटाइममध्ये एका गुणाने. त्या दोन संघांनी नंतर काय केलं ते या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे.

सॅक्रामेंटो २००७ पासून सलग १६ हंगाम प्लेऑफबाहेर राहिला. म्हणजे खालच्या निवडींची त्यांना कधी वाण नव्हती. २०१८ मध्ये दुसरा क्रमांक मिळाला, त्यांनी मार्विन बॅगली घेतला, तिसरा गेला डोन्चिच. ड्राफ्टमध्ये वर असणं आणि ड्राफ्टमध्ये शहाणं असणं या दोन गोष्टी आहेत. २०२० मध्ये मात्र बाराव्या क्रमांकावर टायरीस हॅलिबर्टन त्यांच्या हाती लागला, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी तो इंडियानाला दिला. बदल्यात डोमांटास सबोनिस, जो वरळीत आपल्यासमोर खेळून गेला होता. सॅक्रामेंटोला ताबडतोब फायदा झाला, ४८ विजय आणि इतक्या वर्षांनी प्लेऑफ. मी त्या व्यवहाराला मूर्खपणा म्हणत नाही. पण इंडियानाने काय केलं बघ. त्यांनी आपला उत्तम खेळाडू भाव असताना विकला, वयाने लहान आणि पुढे वाढणारा घेतला, एक हंगाम २५-५७ सोसला, मग ३५, ४७, ५० विजय, आणि २०२५ ची फायनल सातव्या सामन्यापर्यंत. मधे एकदा पास्कल सियाकमसाठी पहिल्या फेरीतल्या तीन निवडी मोजल्या. सबंध काळात पहिल्या पाचातली एकही निवड नाही.

टोरांटोचंही असंच. डिसेंबर २०१३ मध्ये तिथला मॅनेजर मसाई उजिरी याने रूडी गे सॅक्रामेंटोला विकला, काइल लाउरीलाही न्यूयॉर्कला देणार होता, तो व्यवहार ऐनवेळी फिसकटला. उरलेला संघ अचानक जिंकायला लागला. उजिरीने आपली योजना गुंडाळून ठेवली. २०१९ मध्ये करंडक उचलताना लाउरी तिथेच होता.

आणि बुल्स. मार्च २०२१ मध्ये त्यांनी ३० वर्षांच्या निकोला वुचेविचसाठी वेंडेल कार्टर आणि पहिल्या फेरीतल्या दोन निवडी ऑर्लँडोला दिल्या. एकीतून आठव्या क्रमांकावर फ्रान्झ वॅगनर आला. करूसोच्या बदल्यात निवड घेतली नाही. झॅक लविन विकला तोपर्यंत त्याचं कॉन्ट्रॅक्ट इतकं जड झालं होतं की मोबदल्यात मुख्य काय मिळालं, तर स्वतःचीच जुनी निवड परत. दुखणं ३९ विजयांत नाही. घेताना महाग, विकताना उशीर, हे ते दुखणं.

तळाला जाण्याचा प्रयोग तर तुझ्या बुल्सनी केलेला आहे, तू तेव्हा जन्मला होतास की नाही कोणास ठाऊक. १९९८ ला जॉर्डन गेल्यावर सगळं मोडून टाकलं. १३-३७, १७-६५, १५-६७, २१-६१. पहिला क्रमांक मिळाला, एल्टन ब्रँड, चांगला निघाला, तर दोन वर्षांत त्याला विकून शाळेतून थेट आलेला टायसन चँडलर आणला. सलग सहा हंगाम प्लेऑफ नाही. आणि डेरिक रोझ, जॉर्डननंतरचा एकमेव एमव्हीपी? तो २००८ मध्ये ३३-४९ अशा मधल्या हंगामानंतर, १.७ टक्के शक्यतेवर मिळाला.

तेव्हा मी बुल्सच्या ऑफिसात असतो तर काय केलं असतं? तिशीकडे झुकलेल्या प्रत्येक खेळाडूला त्याच्या कॉन्ट्रॅक्टच्या शेवटच्या वर्षाआधी बाजारात काढलं असतं आणि बदल्यात दुसऱ्यांच्या निवडी मागितल्या असत्या, शक्यतो अशा संघांच्या जे चार वर्षांनी म्हातारे असतील. एक-दोन जाणते खेळाडू ठेवले असते, पोरांना शिकवायला. तरुण माटास बुझेलिसला हवी तेवढी मिनिटं, चुकांसकट. यातून २८ विजय झाले तर झाले, ३६ झाले तरी हरकत नाही. शेवटच्या आठवड्यात चार जण बसवून दोन जुळण्या वाढवल्या असत्या का, तर विचारू नकोस. फेब्रुवारीत ट्रेड डेडलाइनला (खेळाडूंच्या देवाणघेवाणीच्या शेवटच्या तारखेला) बुल्स काय देतात त्यापेक्षा काय मागतात ते बघ, आणि मग मला फोन कर. पहाटे पाचला नको.